कूट शब्दकोडे : रविवारी सुरू होणारा, आठवडाभर पुरणारा आनंद

'पाऊस आरंभी चुकला, तरी हाती आले गोड पीक (२)'

हे वाक्य वाचून डोळ्यांपुढे जूनमधले कोरडे आभाळ उभे राहते. कृषिविषयक बातमीचा मथळा म्हणूनही ते खपून जाईल. मात्र कंसातला दोनचा आकडा सांगतो, की ही बातमी नसून कोडे आहे. उत्तर दोन अक्षरांचे आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोरच आहे. 'पाऊस' या शब्दाचा आरंभ, म्हणजे 'पा', चुकवला की 'ऊस' उरतो. आणि गोड पीक म्हणजे ऊसच. उत्तर सापडताच तेच वाक्य वेगळे दिसू लागते. पावसाचा, पेरणीचा आणि हंगामाचा भास विरून जातो आणि उरते ती केवळ अक्षरांची चलाखी. भास आणि उलगडा यांच्यामधला हा क्षण अनुभवण्यासाठी जगभरातील असंख्य माणसे दर आठवड्याला पेन्सिल घेऊन बसतात. इंग्रजीत या प्रकाराला 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' म्हणतात. मराठीत त्याला कूट शब्दकोडे म्हणता येईल.

दोन वाटा, एकच उत्तर

आपल्या वृत्तपत्रांतील नेहमीचे शब्दकोडे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात 'सूर्य (२)' असे सूत्र आले, तर उत्तर रवी असू शकते, भानू असू शकते, मित्र किंवा अर्कही असू शकते. यांपैकी नेमके कोणते, हे त्या शब्दाला छेदणारे उभे-आडवे शब्द ठरवतात. तोवर सोडवणारा अंदाजावरच चालत असतो.

कूट कोड्याची रीत निराळी आहे. त्यातील प्रत्येक सूत्रात उत्तराकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा असतात. एक वाट सरळ अर्थाची. तिला व्याख्या म्हणतात आणि ती बहुधा सूत्राच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असते. दुसरी वाट शब्दखेळाची. तिच्यात उत्तराची अक्षरे कशी जुळवायची, याची कृती लपवलेली असते. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या, की उत्तर सिद्ध झाले. शाळेत गुणाकार केल्यावर ताळा करून पाहत असू, तसाच हा प्रकार. उत्तर बरोबर आहे की नाही, हे ठरवायला पुढच्या अंकातील उकल पाहण्याची गरज पडत नाही. अडचण एवढीच, की एक वाट कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे कोडेकार सांगत नाही. दोन्ही वाटांवर तो एका गुळगुळीत वाक्याची चादर पसरून ठेवतो.

सूत्रांची घडण

इंग्रजीत या शब्दखेळाचे आठ-दहा ठरलेले प्रकार आहेत. ते समजले की निम्मे काम झाले. या लेखापुरती मराठीत रचलेली काही सूत्रे पाहू.

पहिला प्रकार दडलेल्या शब्दाचा. 'सेवक मळलेला, आत दडले चिखलातले फूल (३)'. 'सेवक मळलेला' ही अक्षरे सलग वाचली, की मध्येच 'कमळ' सापडते. 'आत दडले' ही कृतीची खूण आणि 'चिखलातले फूल' ही व्याख्या.

दुसरा प्रकार उलट्या वाचनाचा. 'लता माघारी फिरली, तरी उरला गाण्याचा ठेका (२)'. लता उलटी वाचली की 'ताल'. येथे मराठी मनाला लता म्हणजे एकच व्यक्ती आठवते, आणि कोडेकाराला तेच हवे असते. वाचकाची पहिली आठवण हे त्याचे सर्वांत मोठे हत्यार आहे.

तिसरा प्रकार जोडकामाचा. 'दिवसामागे हत्ती, पंढरीच्या वाटेवरचा (४)'. दिवस म्हणजे 'वार', हत्ती म्हणजे 'करी'. एकामागे एक ठेवले की 'वारकरी' उभा राहतो. वारीत हत्ती कोठून आला, या विचारात जो अडकला तो फसला.

चौथा प्रकार पोटात घालण्याचा. 'आणि गिळून काळा झाला पिंडाचा मानकरी (३)'. येथे 'आणि' हे साधे अव्यय नाही. त्याच्या जागी 'व' घ्यायचा आणि तो 'काळा' या शब्दाच्या पोटात ढकलायचा. 'कावळा' तयार. वाक्यातील सर्वांत निरुपद्रवी शब्दच कळीचा निघावा, हा या प्रकारातील खास आनंद.

पाचवा प्रकार दुहेरी अर्थाचा. 'थोडेसे म्हातारपण (२)'. यात कृती काहीच नाही. दोन व्याख्या शेजारी ठेवल्या आहेत. थोडेसे म्हणजे 'जरा' आणि म्हातारपण म्हणजेही 'जरा'. लिहिताना दोन्ही सारखे, उच्चारताना मात्र 'ज' वेगळा. मराठीतील च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार कोडेकाराला असे आयते हाती लागतात.

याखेरीज अक्षरांची अदलाबदल हा इंग्रजीतील सर्वांत लोकप्रिय प्रकार. सूत्रात विस्कटणे, बिघडणे, नाचणे, झिंगणे असा एखादा शब्द दिसला, की शेजारची अक्षरे हलवून पाहावीत, असा संकेत असतो.

इंग्रजी कोड्यांत काही सांकेतिक शब्दही रूढ झाले आहेत. 'फ्लॉवर' आला की फुलाऐवजी वाहणारी नदी आठवायची, कारण 'फ्लो' म्हणजे वाहणे. 'मेडन' म्हणजे एम, 'डक' म्हणजे शून्याच्या आकाराचा ओ, हे क्रिकेटच्या धावफलकावरून आलेले संकेत. एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ एवढी आठ अक्षरे देऊन उत्तर 'पाणी' मागणारे सूत्र तर या खेळातील दंतकथाच झाले आहे. 'एच टू ओ', म्हणजे एचपासून ओपर्यंत!

न्यूयॉर्कमध्ये जन्म, लंडनमध्ये मुंज

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या रविवार अंकात हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे दिले. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर यांनी शब्दकोड्यांचे पुस्तक काढले आणि अमेरिकेला या खेळाचे वेडच लागले. त्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स'ने 'गुलाम झालेली अमेरिका' अशा आशयाचा मथळा देऊन या वेडाची खिल्ली उडवली. पुढे १९३० मध्ये त्याच 'टाइम्स'ने स्वतःचे शब्दकोडे सुरू केले. वृत्तपत्रांच्या इतिहासात असे घूमजाव नवे नाही.

कोड्याला 'कूट' स्वरूप आले ते मात्र इंग्लंडमध्ये. एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिक वृत्तपत्रात केवळ कूट सूत्रांची कोडी रचण्यास सुरुवात केली. त्यांनी टोपणनाव घेतले 'तोर्केमादा'. स्पेनमधील धर्मन्यायालयाचा हा कुप्रसिद्ध प्रमुख. वाचकाचा छळ करणाऱ्याला याहून समर्पक नाव कोणते? १९३९ मध्ये मॅदर्स यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट यांनी दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे, 'झिमेनेस' हे नाव धारण केले. १९७२ पासून त्यांची परंपरा जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' या नावाने पन्नास वर्षांहून अधिक काळ चालवली. हे नाव म्हणजे डेझा या तिसऱ्या धर्मन्यायाधीशाचे नाव उलटे वाचून केलेला शब्द. शिवाय त्यात इंग्रजी वर्णमालेचे पहिले आणि शेवटचे अक्षरही आले. टोपणनावातही कोडे!

याच इंग्लंडमध्ये १९३० पासून 'लिसनर' या बीबीसीच्या साप्ताहिकात आणखी अवघड कोडे प्रसिद्ध होऊ लागले. १९९१ मध्ये ते साप्ताहिक बंद पडले. कोडे मात्र 'टाइम्स'च्या शनिवारच्या अंकात जाऊन जिवंत राहिले. नियतकालिक गेले आणि त्यातील कोडे टिकले, असे भाग्य क्वचितच कोणत्या सदराच्या वाट्याला आले असेल. अमेरिकेत हा ब्रिटिश प्रकार रुजवण्याचे श्रेय बव्हंशी संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांना जाते. १९६८-६९ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क' नियतकालिकासाठी अशी कोडी रचली.

युद्धातील दोन प्रसंग

शब्दकोडे हा रिकाम्या वेळेचा उद्योग मानला जातो. पण दुसऱ्या महायुद्धात दोनदा त्याचा संबंध थेट रणनीतीशी आला.

'डेली टेलिग्राफ'चे कोडे फार सोपे असते, ते काही मिनिटांत सुटते, अशा तक्रारी झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये वृत्तपत्राच्या कचेरीत एक स्पर्धा घेण्यात आली. वेळेची मर्यादा होती १२ मिनिटे. काही आठवड्यांनंतर त्यातील काही स्पर्धकांना युद्ध खात्याकडून पत्रे आली आणि ते ब्लेचली पार्क येथील सांकेतिक संदेश उलगडण्याच्या गुप्त कामावर रुजू झाले. शब्द दिसतो तसा नसतो, हे गृहीत धरून चालणारी माणसे त्या कामाला हवी होती.

दुसरा प्रसंग मे १९४४ चा. लिओनार्ड डॉ हे मुख्याध्यापक 'टेलिग्राफ'साठी कोडी रचत. नॉर्मंडीवरील चढाईच्या आधीच्या महिन्यात त्यांच्या कोड्यांत युटा, ओमाहा, मलबेरी, नेपच्यून आणि चक्क 'ओव्हरलॉर्ड' हे शब्द उत्तरांमध्ये आले. हे सारे त्या मोहिमेचे परमगुप्त सांकेतिक शब्द होते. गुप्तहेर खात्याचे अधिकारी डॉ यांच्याकडे पोहोचले, चौकशी झाली. कट काही सापडला नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, की डॉ सर चौकट भरण्यासाठी मुलांकडून शब्द मागवत, आणि शाळेजवळच्या छावणीतील सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द मुलांनी त्यांना पुरवले होते.

फसवणुकीतील प्रामाणिकपणा

कूट कोड्याचा कर्ता वाचकाला फसवतो, हे खरे. परंतु ही फसवणूक एका काटेकोर कराराने बांधलेली आहे. 'आफ्रिट' या टोपणनावाने लिहिणारे ए. एफ. रिची आणि त्यांच्यानंतर झिमेनेस यांनी हा करार शब्दांत मांडला. त्याचा आशय असा, की सूत्र वाचून जे भासते ते कोडेकाराच्या मनात असण्याचे बंधन नाही. मात्र जे त्याच्या मनात आहे, ते सूत्रात तंतोतंत असलेच पाहिजे. झिमेनेस यांनी १९६६ मध्ये या कलेवर पुस्तकच लिहिले. नेमकी व्याख्या, रास्त शब्दखेळ आणि या दोहोंपलीकडे काहीही फालतू नाही, ही त्यांची कसोटी. एखादा शब्द केवळ वाक्य सजावे म्हणून घातला, तर तो दोष ठरतो.

म्हणूनच कूट कोडे सुटल्यावर सोडवणारा स्वतःवर चिडतो, कर्त्यावर नाही. सारे समोर होते, मलाच दिसले नाही, अशी ती जाणीव असते. याउलट, वाईट सूत्राचे उत्तर कळल्यावर 'हे कसे काय?' असा प्रश्न उरतो. नियमित सोडवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, आणि अन्यायकारक सूत्रावर तो मोठ्या त्वेषाने संपादकाला पत्रही लिहितो.

सोडवणारे आणि रचणारे यांच्यातील हे नाते दुतर्फी आहे. झिमेनेस आणि अझेड दरमहा एक शब्द देऊन वाचकांनाच त्यावर सूत्र रचण्याचे आव्हान देत. बँकेचे अध्यक्ष असलेले सर जेरेमी मोर्स या स्पर्धेतील अव्वल खेळाडू होते. कॉलिन डेक्स्टर हे कादंबरीकारही त्याच मैदानातले. त्यांनी आपल्या गुप्तहेर नायकाला प्रतिस्पर्ध्याचेच आडनाव दिले, आणि 'इन्स्पेक्टर मोर्स' जगप्रसिद्ध झाला.

आठवड्याची चाल

दैनिक कोडे आणि साप्ताहिक कोडे यांच्या चवीत फरक आहे. दैनिक कोडे लोकलच्या प्रवासात सुटले तर सुटले. संध्याकाळी ते रद्दीत जाते. साप्ताहिक कोड्याला सात दिवसांचे आयुष्य असते आणि त्याची स्वतःची अशी एक चाल असते.

रविवारी सकाळी चौकट पूर्ण कोरी असते. पंधरा बाय पंधरा घरांच्या नेहमीच्या चौकटीत साधारण तीस सूत्रे असतात. पहिल्या वाचनात त्यातले एकही सुटत नाही, आणि आपल्याला ही भाषाच येत नाही, असे वाटू लागते. मग कोठेतरी एक दडलेला शब्द हाती लागतो. त्याच्या अक्षरांनी चार उभे शब्द उघडू लागतात. दुपारपर्यंत एक कोपरा भरतो. सोमवारी, मंगळवारी काहीच घडत नाही. बुधवारी भाजी निवडताना किंवा फलाटावर उभे असताना, कोड्याचा विचारही मनात नसताना, एक उत्तर अचानक समोर येऊन उभे राहते. कागद बाजूला ठेवला तरी मनाच्या तळाशी ते सूत्र भिजत पडलेले असते, हा अनुभव प्रत्येक जुन्या सोडवणाऱ्याने घेतलेला आहे. शनिवारी रात्री दोन घरे रिकामी राहतात. रविवारी उकल येते आणि कपाळावर हात मारला जातो.

हा आनंद एकट्याचा असला, तरी एकलकोंडा नाही. घरात कोडे टेबलावर पडलेले असले, की येता-जाता प्रत्येक जण एखादे सूत्र वाचतो. एकाचे शब्दज्ञान चांगले, दुसऱ्याला क्रिकेटचे संकेत ठाऊक, तिसऱ्याला कशाचाच गंध नसतो आणि म्हणूनच तो फसत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीला या खेळाची दीक्षा मिळाली ती कचेरीतील मुद्रितशोधन विभागात. रात्रपाळीला पाने सुटण्याची वाट पाहत एक ज्येष्ठ सहकारी इंग्रजी कोडे पुढे सरकवत आणि एवढेच म्हणत, ''वाक्य वाचू नकोस, शब्द वाच.'' बातमीदारीच्या पदविकेत शिकवलेल्या नियमाच्या हे अगदी उलट होते. पण मुद्रितशोधनाचे सारही तेच आहे. अर्थाच्या ओघात वाहून गेलेल्याला चूक दिसत नाही.

शब्दकोडी सोडवली, की स्मृतिभ्रंश टळतो, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. याची खात्रीलायक सिद्धता झालेली नाही, हे नमूद केले पाहिजे. कोडे हे औषध नव्हे. ते सोडवायचे ते मौजेसाठी.

कोडे, नशीब आणि न्यायालय

शब्दकोड्याची एक निराळी कथा जुन्या मुंबई राज्याशी निगडित आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे भरघोस बक्षिसांच्या शब्दकोडे-स्पर्धांना ऊत आला होता. बंगळूरुहून 'स्पोर्टिंग स्टार' या नियतकालिकाद्वारे चालणारी 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स' ही त्यांपैकी एक, आणि तिचे स्पर्धक मुंबई राज्यातही होते. राज्य सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून अशा बाहेरच्या स्पर्धांवरही कर बसवला. चामरबागवाला विरुद्ध मुंबई राज्य असा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल १९५७ मध्ये निकाल लागला. ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. दरम्यान, १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांवर बंदी घातली होती.

वरवर पाहता हा करवसुलीचा वाद. पण त्याच्या मुळाशी शब्दकोड्याचा एक गाभ्याचा प्रश्न आहे. कौशल्य कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते? त्या काळच्या बक्षीस-कोड्यांत एका जागी दोन-तीन शब्द सारखेच शोभत. त्यांतील बरोबर कोणता, हे संयोजकांच्या मोहोरबंद उत्तराशी जुळण्यावर अवलंबून असे. कूट कोडे नेमके याच्या दुसऱ्या टोकाला उभे आहे. त्यात उत्तर एकच असते आणि ते सिद्ध करता येते. नशिबाला तेथे जागाच नाही.

मराठीत का नाही?

भारतात कूट कोड्याचा वाचक आहे. 'द हिंदू'मधील दैनिक कूट कोडी भारतीय कोडेकार रचतात आणि त्यांचा चाहतावर्ग मोठा आहे. त्याच वृत्तपत्राच्या रविवार अंकात 'ऑब्झर्व्हर'चे 'एव्हरीमन' हे तुलनेने सोपे साप्ताहिक कोडे अनेक वर्षे पुनर्मुद्रित होत असे. मग मराठी वृत्तपत्रांत साधे शब्दकोडे घरोघर पोहोचले असताना कूट कोडे का रुजले नाही?

परंपरेचा अभाव हे कारण खचितच नाही. दंडीच्या 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण वगळून 'निरोष्ठ रामायण' रचले. तमाशाच्या फडात कलगीवाले आणि तुरेवाले भेदिक लावण्यांतून एकमेकांना रात्र-रात्र कोडी घालत आणि श्रोते पहाटेपर्यंत उत्तराची वाट पाहत बसत. ज्या भाषेत श्लेष हा संभाषणाचा भाग आहे, तिला शब्दांची फसवाफसवी नवी नाही.

खरी अडचण लिपीची आहे. इंग्रजीत एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर येते. देवनागरीत एका घरात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर येते. चौतीसएक व्यंजने आणि बाराखडीतील बारा रूपे धरली, तरी चारशेहून अधिक शक्यता होतात, जोडाक्षरे वेगळीच. उभा आणि आडवा शब्द नेमक्या 'की'वर किंवा 'ष्ट्या'वर छेदणे किती दुर्मीळ, हे कोडे रचून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मराठी कोड्यात शब्द आखूड आणि काळी घरे अधिक होतात. अक्षरांच्या अदलाबदलीतही हाच प्रश्न. काना अक्षराला चिकटलेला मानला, तर 'नवरा' या शब्दातून फारसे काही निघत नाही. तो सुटा मानला, तर 'नवरा' हलवून 'वानर' मिळतो! पुष्कळ गृहिणी दुसऱ्या नियमाच्या बाजूने मत देतील, यात शंका नाही.

नियम कोणताही ठरो. तो आधी ठरवावा लागेल आणि मग काटेकोर पाळावा लागेल. इंग्रजीला हे करार पक्के करायला दोन-तीन दशके आणि तोर्केमादा ते झिमेनेस अशी परंपरा लागली. मराठीत हौशी मंडळींनी अधूनमधून प्रयत्न केले आहेत. एखाद्या रविवार पुरवणीने चिकाटीने कूट कोडे चालवले, तर सोडवणारे आपोआप तयार होतील. कारण हा खेळ पुस्तक वाचून येत नाही, दर आठवड्याला हरून येतो.

शेवटचे सूत्र

या खेळात किती माणुसकी सामावू शकते, याचे उदाहरण 'गार्डियन'चे कोडेकार 'अरॉकेरिया' यांनी घालून दिले. त्यांचे खरे नाव जॉन ग्रॅहम. पेशाने ते धर्मोपदेशक. अरॉकेरिया हे एका वृक्षाचे नाव; त्या झाडाला इंग्रजीत 'मंकी पझल', म्हणजे माकडाला पडलेले कोडे, असेही म्हणतात. त्याचेच तिसरे नाव 'चिली पाइन'. त्याची अक्षरे हलवून होणारे 'सिनेफाइल' हे टोपणनाव त्यांनी दुसऱ्या वृत्तपत्रासाठी घेतले होते.

जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी एक कोडे दिले. त्याच्या आरंभीच्या टिपेत म्हटले होते, की अरॉकेरियाला अमुक उभ्या आणि आडव्या शब्दांत सांगितलेली गोष्ट झाली आहे आणि अमुक शब्दांत सांगितलेले उपचार सुरू आहेत. वाचकांनी नेहमीप्रमाणे घरे भरायला घेतली. एकेक अक्षर बसत गेले आणि चौकटीतून शब्द उमटले : अन्ननलिकेचा कर्करोग, वेदनाशामक शुश्रूषा. पन्नासहून अधिक वर्षे ज्यांच्याशी अक्षरांचा लपंडाव खेळला, त्या वाचकांना आपल्या आजाराची बातमी त्यांनी त्याच भाषेत दिली. बातमी कोणी सांगितली नाही. प्रत्येकाला ती स्वतः शोधून काढावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले. अखेरपर्यंत ते कोडी रचत होते.

कूट कोड्याच्या आनंदाचे मर्म कदाचित येथेच असावे. चौकटीच्या पलीकडे एक अनोळखी माणूस बसलेला असतो. तो आपल्याला चकवतो, पण अन्याय करत नाही. आणि आपण उत्तर शोधावे, अशी त्याचीही मनोमन इच्छा असते.

वाचकांनी आता स्वतः प्रयत्न करून पाहावा. सूत्र तीन अक्षरी आहे : 'विकता विस्कटते कवीचे अपत्य'. त्याचे उत्तर येथे देत नाही. ते सापडेल तेव्हा आपले आपल्यालाच कळेल.